दाराशी उभा शामराव

आमच्या गावात कुणाला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, की घरची बाई भाकरी थापायला बसायची, घरचा गडी आधीचे कागद हुडकायला लागायचा, आणि तिसरं कुणीतरी वस्तीकडं जाऊन सांगून यायचं, "शामराव, उद्या सातच्या गाडीला." काय झालंय, कुणाला झालंय, किती दिवस मोडतील, हे शामराव विचारत नसे. "बरं" म्हणायचा आणि हातातली थापी धुवायला घ्यायचा.

त्याचं खरं नाव शामुवेल. गावानं त्याचं शामराव केलं. मी त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी शामू म्हणायचो. त्याच्याही आधी शाम्या म्हणायचो, तेही सांगून टाकतो. मी चौथी शिकलेला माणूस. पण खोटंच लिहायचं असेल तर लिहायला बसायचं कशाला?

आमचं गाव बेंबळीच्या पुढं, चालत तासाभरावर. मला गावात अप्पा म्हणतात. कुणाच्या बांधाचं भांडण असो की सोयरीक, माझा शब्द पडल्याशिवाय पुढं सरकत नाही. म्हणून एका गवंड्याबद्दल मी चार पानं लिहायला बसलोय, याचं माझ्या लेकाला नवल वाटलं. वाटू दे. मी आजवर पुष्कळ मोठी माणसं बघितली, हारतुरे घातलेली बघितली, मोटारीतून उतरणारी बघितली. ज्याच्यापुढं माझी मान आपोआप खाली गेली, असा माणूस एकच.

दिसायला काही नव्हता. उंचीनं बेताचा, रंगानं काळा, खांदे तेवढे रुंद. चुन्यानं आणि सिमेंटनं बोटांची टोकं पार खाल्लेली. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं मशीन आलं तेव्हा त्याचं एकही बोट त्यावर उठेना. दुकानदार वैतागायचा, मागची लोकं ओरडायची. हा हसून म्हणायचा, "मिशीनीला मी दिसत न्हाय, बाबा. तुला दिसतोय का बघ."

दवाखान्याला जायची त्याची एक थैली होती, खताच्या पोत्याची शिवलेली. त्यात स्टीलचा तांब्या, एक चादर, लिंबू, दोन पेनं, कागद भिजू नयेत म्हणून प्लॅस्टिकची पिशवी आणि नायलॉनची हातभर दोरी. मी एकदा विचारलं, दोरी कशाला? म्हणाला, "सलाईन टांगायला खिळा नसला मंजी?" इतकं साधं. पण ते सुचायला त्या खाटेशेजारी किती वर्षं काढलेली असावी लागतात, हे मला पुढं कळलं.

त्याच्या रीतीही वेगळ्याच. पेशंटला उपाशी ठेवलं असेल तर हाही पाण्याचा घोट घ्यायचा नाही. घरची माणसं बाहेर जाऊन वडापाव खाऊन यायची, हा तोंड मिटून उभा. झाडणाऱ्या मावशीपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं त्याला तोंडपाठ. आणि एक गोष्ट तो कधीच म्हणायचा नाही. "बरं होईल, काळजी करू नका," असं सगळेच म्हणतात. हा म्हणायचा नाही. "मला काय ठावं?" म्हणायचा. "मला ठावं हाय ते सांगतो. मी हाय इथं." आणि खरंच असायचा. आपरेशनच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहायचा, तो दार उघडेपर्यंत. शेजारी खुर्ची मोकळी असली तरी बसायचा नाही. लोकांना वाटायचं, त्याला काहीतरी नवस असेल.

आता गावाचं ऐका. एका वर्षी लागोपाठ तीन माणसं त्याच्यासंगं सोलापूरला गेली आणि तिन्ही गाडीत आडवी होऊन परत आली. झालं. गावानं ठरवूनच टाकलं, शामराव संगं निघाला की समजायचं. खरी गोष्ट अशी होती, की ज्यांचं बरं व्हायचं असायचं ती माणसं आपापली जायची, आणि ज्यांच्या घरच्यांनीच हात टेकलेले असायचे ते शामरावला बोलवायचे. पण एवढा विचार पारावर कोण करतो? पारावर ते पहिल्यांदा बोललं कोण, तर मीच. तेव्हा लोक माझ्या बोलण्यावर हसले आणि मला बरं वाटलं.

मग लोक त्याला चोरून दवाखान्याला जायला लागले. पहाटेच पेशंटला बैलगाडीत घालून बेंबळीला नेऊन बसवायचे. शामराव कुणाला एका शब्दानं बोलला नाही. त्यानं काय केलं, घरातलं भिंतीवरचं घड्याळ काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि कुणी निघालंय असं कळलं की घड्याळ काखेत मारून बेंबळीच्या स्टँडवर जाऊन बसायला लागला. गावातला नरसिंग आपल्या आईला नेत होता तेव्हा मी त्याच गाडीला होतो. ह्याला बघून नरसिंगच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"शामराव, तू कुठं निघालास सकाळसकाळी?"

"सोलापूरला. घड्याळ बंद पडलंय."

"का बरं? बेंबळीत घड्याळ दुरुस्त होत न्हाय व्हय?"

"ह्येला मोठा डाक्टर लागतोय."

नरसिंगची म्हातारी बाकड्यावर पोट धरून बसली होती. ती तशातही हसली. म्हणाली, "बसू दे रं त्येला. घड्याळ बी आजारी, मी बी आजारी. दोघं दाखवून येतो."

म्हातारी तेराव्या दिवशी आपल्या पायानं चालत परत आली. गावानं लगेच नवीन ठरवलं, की शामराव वाईट, पण घड्याळ संगं असलं तर दोष जातो. तेव्हापासून तो घड्याळ घेऊनच निघायचा. त्या घड्याळाइतकं सोलापूर आमच्या तालुक्यात कुणी बघितलं नसेल. एकदा मी ते हातात घेऊन मागून उघडून पाहिलं. त्यात सेलच नव्हता.

मी म्हणालो, "शामू, लोकं तुला अपशकुनी म्हणतात, आन तू त्येंच्याच मागं पळतोस. लाज वाटत न्हाय?"

"मला वाटून काय करू, अप्पा? भ्या त्येंला वाटतंय."

मी तंबाखूची चंची काढली.

महादेवाच्या देवळापुढं ओटा बांधायचा होता तेव्हाची गोष्ट तर मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. देवळाचं काम माझ्याकडं. हात शामूचा चांगला, म्हणून काम त्याला दिलं. दोघा-तिघांनी कुरकुर केली, की ख्रिस्ती माणूस महादेवाचा ओटा कसा बांधणार. मी म्हणालो, दगडाला जात नसते. फार मोठं बोललो असं मला वाटलं. अर्धा ओटा झाला आणि चौथ्या दिवशी हा थापी धुऊन निघाला. गल्लीतल्या चाचीच्या छातीत दुखत होतं. चाचीचा लेक रशीद ट्रकवर, मुलखाच्या बाहेर. घरात सून एकटी.

मी त्याच्या वाटेत आडवा आलो. "शाम्या, देवाचं काम अर्ध्यात टाकून चाललास?"

"अप्पा, देवाला घाई न्हाय. चाचीला हाय."

एवढं बोलून गेला. चार माणसांत बोलला, म्हणून मला जास्त लागलं. मी त्याच दिवशी तुळजापूरकडचा दुसरा गवंडी आणला. त्यानं पाच दिवसांत ओटा उरकून दिला आणि मी गावभर सांगितलं, माणूस अडत नसतो. पहिल्या पावसाची सर आली तेव्हा कळलं, ओट्याचा उतार गाभाऱ्याकडं. सगळं पाणी नंदीच्या पायाशी.

शामू नवव्या दिवशी परत आला. चाचीही आली, सावकाश चालत. त्यानं ओटा बघितला. दुसऱ्या दिवशी उजाडता ओळंबा आणि उतार बघायची पाण्याची नळी घेऊन आला आणि एका अंगानं ओटा फोडायलाच लागला. मी धावत गेलो.

"कुणी सांगितलं तुला?"

"नंदीचे पाय भिजत्यात की, अप्पा."

दोन दिवस खपून त्यानं उतार बाहेर काढला. आजही पाणी टिपूसभर आत जात नाही. कुणीही येऊन बघावं.

लोकांचं दुसरंही बोलणं होतं. हा माणूस फुकट एवढं करतो, तो औषधाच्या आडून येशू पाजत असणार. मलाही ते खरं वाटायचं, कारण फुकट कुणी काही करत नाही हे मी साठ वर्षं बघत आलो होतो. मी चाचीला एकटं गाठून विचारलं, "चाची, खरं सांग. दवाखान्यात तुला काय काय म्हणला?"

चाची म्हणाली, "कुछ नहीं बोला रे बाबा. मी अल्लाचं नाव घेतलं, तो बाजूला हुभा. मीच म्हणले, अरे शामू, तू बी तुझ्या देवाला सांग की. तर म्हणतो, सांगायलोय चाची, मनात."

रविवारी तो धाराशिवला चर्चला जायचा. आता धाराशिव म्हणतात, माझ्या तोंडी उस्मानाबादच येतं. पण लागोपाठ तीन-तीन रविवार दवाखान्यात गेले की त्यांचे पाळकसाहेब मोटारसायकल घेऊन गावात यायचे आणि त्याच्या दारात बसून त्याला झापायचे. हा खाली मान घालून ऐकायचा, त्यांना चहा पाजायचा, आणि पुढचा रविवार पुन्हा तसाच. बायको त्याची लवकर गेलेली, एक लेक सोलापुरात दिलेली. घराला गिलावा नव्हता. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या गुळगुळीत, आणि त्याच्या घराच्या विटा उघड्या.

मग ते आमच्या घरावर आलं.

माझी बायको महानंदा. तिच्या पोटात दुखायचं, ते तिनं वर्षभर अंगावर काढलं. उस्मानाबादच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, पिशवीत गाठ आहे, वेळ घालवू नका, सोलापूरला जा. घरी आल्यावर ती चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "अवो, शामभाऊला सांगून या."

"कशाला? मी काय मेलोय?"

"तसं न्हाय. त्ये दाराला हुभं असत्यात. बाहेर कुणीतरी हुभं हाय म्हणलं की आत निजायला धीर येतोय."

"मी हुभा ऱ्हाईन."

चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात तिला माझं उभं राहणं ठाऊक होतं. रागानं उठून जाणं माझं जास्त.

मी शामूला निरोप धाडला नाही. गाडीतही तो नव्हता. सोलापूरला उतरलो, दवाखान्यात गेलो, तिला एका झाडाखाली बसवलं आणि रांगेत लागलो. पाट्या होत्या सगळीकडं. पण चष्मा घरी राहिला होता आणि विचारणं माझ्या स्वभावात नाही. ज्या रांगेत जास्त माणसं तीच आपली, असं धरून चाललो. दीड तासानं खिडकीशी पोचलो तर आतली पोरगी म्हणते, "आजोबा, कुठला दात?"

"दात माझे सगळे हायत," मी म्हणालो.

मागची माणसं हसली. मला घाम फुटला. तेवढ्यात कुणीतरी कोपराला धरलं. बघतो तर शामू. काखेत घड्याळ. मागच्या गाडीनं आला होता. रांग चुकली असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "अप्पा, ऊन लागतंय हितं. तिकडं सावलीत हुभं ऱ्हाऊ." आणि त्यानं मला नेऊन बरोबर रांगेत उभं केलं. त्या रांगेत सावली नव्हतीच.

तीन दिवस तपासण्या झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी आपरेशन. तिला हिरवा झगा घालून ढकलगाडीवर घेतलं. दाराशी सिस्टर आली आणि म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली. सिस्टरनं गळ्यातल्या लिंगाकडं बोट केलं, "हेही."

आम्हा लिंगायतांत इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत. लहानपणी जे गळ्यात येतं ते मातीत जाताना संगं जातं. लिंग काढलं म्हणजे माणूस संपला, असं आमच्या बायका मानतात. महानंदा उठून बसली. म्हणाली, "न्हाय काढणार."

सिस्टर म्हणाली, "आजी, चांदीची डबी आहे, आत चालत नाही. आजोबांकडे द्या, बाहेर आल्यावर घाला."

"आन बाहेर आलेच न्हाय तर? लिंगाबगर मरू? मला घरी न्या." आणि ती गाडीवरून पाय खाली सोडायला लागली.

मी समजूत घालायला पाहिजे होती. पण मला भीती वाटली की माझा आवाजच चढतो. दुसरं काही बाहेर पडत नाही. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "एवढं आणून सोडलं आन आता नाटकं करतीस? जा, मर मग घरी जाऊन! मला तोंड दाखवू नकोस!" आणि फेटा सावरत तरातरा जिना उतरलो, दवाखान्याच्या बाहेर आलो, रस्ता ओलांडला आणि एका चहाच्या गाड्यामागं पाठ करून बसलो. चहा सांगितला. तो निवून गेला.

मागं काय झालं ते मला पुढं महानंदाच्या सांगण्यातून कळलं. शामू तिच्याजवळ गेला. म्हणाला, "वहिनी, अप्पा रोज सकाळी पूजा करत्यात, तवा लिंग कुठं ठेवत्यात?" देवळाचा ओटा बांधताना त्यानं माझी पूजा रोज बघितली होती. ती म्हणाली, डाव्या तळहातावर. "मग आता बी तळहातावरच ठेवा की. डबी बाहेर, लिंग तुमच्या मुठीत." मग तो सिस्टरच्या मागं लागला. डबी चांदीची आहे, आतलं लिंग धातूचं नाही, सलाईन उजव्या हाताला लावा, डाव्या मुठीवर पट्टी बांधा. सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी लिंग बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि हो म्हणाले. महानंदानं आपल्या हातानं डबी उघडून लिंग तळहातावर घेतलं. तेवढा वेळ शामू भिंतीकडं तोंड करून उभा होता. सिस्टरनं मुठीवर पट्टी गुंडाळल्यावरच वळला. म्हणाला, "वहिनी, जावा तुमी. मी दारातनं हलत न्हाय."

आता ती तयार झाली तर सहीला नवरा नाही. डॉक्टर खोळंबले. शामूची सही चालेना, आणि शामूला मला हुडकायला जाता येईना, कारण हलत नाही असं तो बोलून बसला होता. त्यानं झाडणाऱ्या रुक्मिणमावशीला हाक मारली.

ती मावशी खराटा हातात घेऊनच माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"पांढरा फेटा, कपाळाला भस्म, तोंडावर राग. तुमीच अप्पा न्हवं?"

"तू कोण?"

"मी कोण ते ऱ्हाऊ द्या. तुमची बायकू आत निघालीय. सही करायला नवरा पायजे, आन शामभाऊ काय दार सोडंना. उठा! पळा!"

सत्तरीला आलेला माणूस मी. पळालो. जिना चढून गेलो, कुणीतरी पेन हातात दिलं, जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. वर बघितलं तोवर दोन्ही दारं मिटत होती. मधल्या फटीतून मला तिची पट्टी बांधलेली मूठ तेवढी दिसली. तोंड दिसलं नाही. शेवटचं काय बोललो होतो ते माझ्या कानात होतं. ती आतच राहिली असती, तर तेच बोलणं तिच्यासंगं गेलं असतं.

शामू दाराच्या उजव्या अंगाला उभा होता. मला बघून तो एक पाऊल बाजूला झाला.

"या अप्पा. ही जागा तुमची. मी जरा टेकतो."

आणि तो भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसला. दवाखान्यात बसलेला शामू मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्याचे पाय घोट्यापासून सुजून टरारले होते.

मी उभा राहिलो. तास झाला, दोन तास झाले. शेजारी खुर्ची होती. मी तिच्याकडं बघितलं तसं शामूनंही बघितलं. मीच विचारलं, "शामू, एरवी तू बसत का न्हाईस रं? कुणाचा नवस हाय?"

"नवस कसला? बसलं की डोळा लागतोय."

"लागला तर लागला. आत डाक्टर हायत की."

मग त्यानं सांगितलं. इतक्या वर्षांत येशूचं नाव त्यानं माझ्यापुढं तेव्हाच काढलं, तेही मी विचारलं म्हणून.

"आमच्या येशूला धरून नेलं न्हाय का अप्पा, त्येच्या आदल्या घटकंची गोष्ट हाय. त्यो बागंत गेला. जीव घाबरा झाला हुता. देवाचा लेक असून घाबरला. संगं तिघं जिवाभावाचे हुते. त्येंला म्हणला, तुमी काय करू नका, निस्ते माझ्यासंगं जागे ऱ्हावा. दुसरं कायच मागितलं न्हाय. आन तिघं बी झोपले. त्यो तीनदा उठून बघून गेला. तिन्ही येळंला झोपलेलेच."

"मग?"

"मग काय? एवढंच. ती आपलीच माणसं. त्येंच्याकडनं ऱ्हायलं, ते कुणीतरी करायला पायजे का न्हाय?"

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. मी पुराण ऐकलंय, कीर्तनं ऐकलीत, आमच्या स्वामींची प्रवचनं पुढं बसून ऐकलीत. कुठल्या काळात, कुठल्या मुलखात तीन माणसांना डुलकी लागली. ती याला आपल्या घरातली चूक वाटत होती. आणि बेंबळीपलीकडचा हा गवंडी ती चूक आपल्या सुजलेल्या पायांवर घेऊन इतकी वर्षं उभा राहत आला होता. नरसिंगच्या आईसाठी, चाचीसाठी, आणि ज्यानं त्याला पारावर अपशकुनी म्हटलं त्याच्या बायकोसाठी. मी खुर्चीकडं पुन्हा बघितलं नाही.

दार उघडलं. डॉक्टरांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि म्हणाले, गाठ निघाली, आजी ठीक आहेत.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. आधी तिनं डावी मूठ चाचपली. मग म्हणाली, "दाराला कोण हुतं?"

"अप्पा हुते," शामू म्हणाला.

मी मोठा गर्वाचा माणूस आहे. पण त्या वेळी मला ते फुकटचं घेववेना. मी म्हणालो, "निम्मा येळ."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "निम्मा तर निम्मा."

गावी आल्यावर मी शामूला घरी जेवायला बोलावलं आणि ओसरीवर नाही, आत पंगतीत माझ्या शेजारी बसवलं. भावकीतले दोघं पाटावरून उठून गेले. जाऊ दे. शामूला वाढायला महानंदा स्वतः उठली होती.

पुढं त्याचे गुडघे गेले. बांधकामाच्या परांचीवर चढणं बंद झालं, आणि लेकीनं त्याला सोलापूरला नेलं. गावातून कुणी दवाखान्याला निघालं की लेकीला फोन लावायचे. हा फाटकाशी येऊन थांबलेला असायचा. घड्याळाची गरज आता उरली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी महानंदाला दाखवायला घेऊन गेलो होतो. आता मला सगळ्या रांगा पाठ झाल्यात. चष्माही खिशात असतो. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक सांगितलं. चारच्या गाडीला पुष्कळ वेळ होता, म्हणून रमतगमत निघालो. जिन्यापाशी तिनं माझा हात धरला. "अवो, तिकडं बघा."

बोळाच्या टोकाला, त्याच दाराशी, शामू उभा होता. पार वाळला होता. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. त्याच्या पायाशी एक बाई बसली होती. लुगड्यावरून आमच्याकडची वाटत नव्हती, खालच्या कर्नाटकातली असावी. तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं आणि तशीच भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती. किती दिवसांची जागी होती, कुणास ठाऊक. तिची झोप मोडेल म्हणून की काय, शामू अंगही हलवत नव्हता. नजर दारावर.

मी हाक मारायला तोंड उघडलं. महानंदा म्हणाली, "नका. त्येंचं काम चाललंय."

म्हणून आम्ही दोघं तिथंच, त्याच्या मागं पंचवीस-तीस पावलांवर, उभे राहिलो. जिन्यानं माणसं येत होती, जात होती. कुणीतरी म्हणालं, आजोबा, बसा की बाकड्यावर. आम्ही बसलो नाही. चार वाजून गेले. आमची गाडी गेली. मी आयुष्यात कुणासाठी गाडी चुकवलेली नाही.

साडेपाचच्या सुमाराला दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि त्याच्याशी काहीतरी बोलले. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि शामूचं तोंड पलीकडं होतं, त्यावरूनही कळायला मार्ग नव्हता. तो काठीवर भार देऊन हळूहळू वाकला आणि त्यानं त्या बाईच्या खांद्याला हात लावला.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेल्याचा लेकीचा फोन आला. झोपेतच गेला म्हणाली.